रिमोट म्हणजे मी

दिवाळी सरली की आमच्या चिखल्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या वाढतात. गेल्या नोव्हेंबरात अशीच एक गाडी आमच्या फाटकाशी थांबली आणि आतून चौघे जण उतरले. एक माझा जुना विद्यार्थी. शाळेत असताना माझ्या भूगोलाच्या तासाला झोपायचा, आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. बाकीचे तिघे त्याचे मित्र. चौघेही हॅम. मीही हॅम. ज्या वाचकांना हॅम म्हणजे फक्त डब्यातलं विलायती मांस ठाऊक असेल त्यांच्यासाठी खुलासा पुढे करतोच.

चहा झाला, चिकू कापून झाले, घोलवडच्या चिकूबद्दलचं माझं नेहमीचं भाषण झालं आणि मग मंडळी मुद्द्यावर आली. वाडीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात साठ फुटी टॉवर उभा करायचा. त्याच्यावर फिरता बीम अँटेना. समुद्राच्या बाजूला आणखी एक उभा अँटेना. घरात एका कपाटात सेट आणि संगणक. खर्च सगळा त्यांचा, विजेचं बिलही त्यांचंच. आणि हे चौघे आपापल्या फ्लॅटमध्ये बसून इंटरनेटवरून हे केंद्र चालवणार. बोलणार पुण्या-मुंबईत, आवाज निघणार चिखल्यातून.

"तुम्हाला काहीच करायचं नाही, सर," विद्यार्थी म्हणाला.

त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं, हे मला कळतं. सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांना त्रास नको, एवढाच त्याचा हेतू. पण वाक्य कानात बसलं ते बसलंच. आज त्याच्याशीच भांडायचं आहे.

आधी खुलासा. हॅम म्हणजे हौशी बिनतारी चालक. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, कॉलसाईन मिळवायची आणि ठरवून दिलेल्या लहरींवर जगभरच्या आपल्यासारख्याच लोकांशी बोलायचं. आपल्याकडे हे १९७८ च्या नियमांखाली चालतं. मी परीक्षा दिली १९८६ साली. मराठी माध्यमातला बी. ए. झालेला मास्तर आणि परीक्षा इंग्रजीत, वर मोर्सची मिनिटाला पाच शब्दांची चाचणी! मला शिकवलं ते घोलवडच्या एका पारशी वाडीवाल्या गृहस्थांनी. ते आता हयात नाहीत. त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात डा-डिट-डा-डिट चालायचं. लॅमिंग्टन रोडवरून जुने भाग आणायचे, ८०७ नंबरचा व्हॉल्व्ह जपून रुमालात गुंडाळून लोकलने आणि मग पॅसेंजरने घरी आणायचा. पहिला ट्रान्समीटर चालू केला तेव्हा त्याच्यापेक्षा आमच्या सौभाग्यवतींचा आवाज मोठा होता, कारण स्वयंपाकघरातला दिवा मंदावला होता. असो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने या छंदाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात तीन कामं सांगितली आहेत: स्वशिक्षण, परस्परांशी संपर्क आणि तांत्रिक शोध. आणि अट अशी की हे सगळं वैयक्तिक आवडीने, पैशाच्या लोभाशिवाय. स्वशिक्षण पहिलं आहे, हे माझ्यातल्या मास्तराला नेहमी आवडत आलं. संपर्काचा नंबर त्याच्यानंतर लागतो.

आता चिखलंच का? याला खरं तांत्रिक कारण आहे आणि ते मला मान्य आहे. खारं पाणी विजेला उत्तम वाहक. उभा अँटेना खाऱ्या पाण्याच्या काठाशी असेल तर त्याच्या लहरी अगदी क्षितिजाला टेकून, कमी कोनात निघतात आणि कमी कोनात निघालेली लहर लांब जाते. आमच्या पश्चिमेला अरबी समुद्र मोकळा पसरलेला आहे. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही. दुसरं म्हणजे शांतता. कानाला ऐकू येणारी नव्हे, रेडिओला ऐकू येणारी. शहरात प्रत्येक घरातले एलईडी दिवे, चार्जर, लिफ्टच्या मोटारी हवेत सतत खरखर सोडत असतात. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये सेट लावला तर अर्धं जग त्या खरखरीखाली बुडून जातं. इथे रात्री अकरानंतर सेट लावा, दर्यावरून येणारा बारीक आवाजही सापडतो. आणि शहरात अँटेना लावू देतो कोण? सोसायटीच्या सभेत गच्चीवर दोन तारांची परवानगी मागा, कॅन्सरपासून वास्तुदोषापर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा शहरातला हॅम गावाकडे बघतो, यात त्याचा दोष नाही.

रिमोट चालतं कसं तेही सांगतो, कारण विरोध करायचा तर वस्तू समजून घ्यायला हवी. तुमचा आवाज तिकडे लॅपटॉपवर अंकांत बदलतो, इंटरनेटवरून इकडे येतो, इथला संगणक तो सेटला देतो, सेट तो हवेत सोडतो. उलट दिशेनेही तसंच. मध्ये थोडा विलंब, सेकंदाच्या काही दशांश इतका. बोलण्याला तो चालतो, वेगवान मोर्सला जाचतो. अँटेना फिरवणं, बँड बदलणं, पॉवर कमी-जास्त करणं, सगळं रिलेवर आणि सॉफ्टवेअरवर. आणि एक महत्त्वाची सोय हवी: बोलण्याचं बटण दाबलेलं असतानाच इंटरनेट तुटलं तर सेट आपोआप गप्प झाला पाहिजे. नाहीतर तो तसाच लहरी सोडत बसेल आणि ते थांबवायला जवळ कोणी नाही. अमेरिकेच्या नियमांत याची मर्यादा तीन मिनिटं दिलेली आहे. त्याच नियमांत असंही आहे की अशा केंद्रावर परवान्याची प्रत आणि जबाबदार माणसाचं नाव, पत्ता, फोन ठळक जागी लावलेला असावा. म्हणजे यंत्र दूरवरून चालवायला हरकत नाही, पण बेवारस नको. शहाणपणाचा नियम आहे.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाही. हे केंद्र माझ्या घरात पाच महिने चालून गेलं आहे. २०२१ च्या जानेवारीत, साथीच्या दिवसांत हाच विद्यार्थी पुण्यात फ्लॅटमध्ये अडकला होता. चिडचिड व्हायची बिचाऱ्याची. मी म्हटलं, लाव बाबा माझ्या सेटला तुझा तो संगणक. त्याने सामान कुरिअरने पाठवलं, फोनवर सांगत गेला, मी जोडत गेलो. चाललं! तो पुण्यात बसून इथल्या डायपोलवरून बोलायचा आणि मी पडवीत बसून ऐकायचो. मला मौज वाटायची.

पण पहिल्याच आठवड्यात फोन आला, "सर, जरा बघता का? अँटेना जुळत नाहीये." मी बघितलं. खाऱ्या हवेने तारेचा जोड हिरवा पडला होता. घासून डाग दिला. मग फोन, "सर, जरा राउटर बंद करून चालू करता का?" केला. मग, "सर, बँड बदलत नाहीये." पेटी उघडली तर रिलेच्या दोन पट्ट्यांमध्ये पाल वाळून पडलेली. ती चिमट्याने काढली. मार्चमध्ये नारळाची झावळी तारेवर पडली, तेव्हा वाडीत कामाला येणारा माणूस माडावर चढला आणि त्याने दोरी नव्याने बांधली. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी ढग गडगडायला लागले की केबल काढून खिडकीबाहेर टाकायची, हे कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. ते मीच करायचो. रात्री दीडला सुद्धा.

मेच्या सुरुवातीला त्याच्या बोलण्यात कुणा परदेशी हॅमला सांगताना मी ऐकलं, की हे पूर्णपणे रिमोट केंद्र आहे, तिथे कोणी नसतं. मी पडवीत होतो. हातात पकड होती.

तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं की ज्याला ही मंडळी रिमोट म्हणतात, तो म्हणजे मी.

आमच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारच्या बंगल्यांची रांग आहे. मालक महिन्यातून दोनदा येतो. एरवी बंगला कोण जपतं? पाड्यावरचा एक माणूस, त्याची बायको, कधी त्याची पोरगी. हिरवळीला पाणी, टाकीतला गाळ, गंजलेली जाळी, सगळं त्यांच्याकडे. मालक पाहुण्यांना सांगतो, आम्ही इथे काही ठेवलेलं नाही, अगदी साधं आहे, आपोआप चालतं. आपोआप! या एका शब्दामागे केवढे हात दडलेले असतात. रिमोट केंद्राचं याहून वेगळं काही नाही. यंत्र जिथे असतं तिथे हात लागतातच. फक्त ते हात परवान्यावर नसतात, लॉगबुकात नसतात, क्यूएसएल कार्डावरच्या फोटोत नसतात. माझं दुःख हे नाही की मला काम पडलं. काम मला आवडतं. "तुम्हाला काहीच करायचं नाही" या वाक्यात जे खोटं आहे, त्याच्याशी माझं भांडण आहे.

मग १७ मे २०२१ आली. तौक्ते वादळ आमच्यासमोरून समुद्रातून वर गुजरातकडे सरकत होतं. दुपारपासून वारा असा की चिकूची झाडं मुळासकट हलत होती. वीज गेली. राउटरला जोडलेली बॅटरी अर्धा तास टिकली. मग खांबावरून आलेली इंटरनेटची तार फांदीबरोबर खाली आली. संध्याकाळी मोबाईललाही रेंज नाही. ते आधुनिक केंद्र, म्हणजे तो संगणक, ते रिले, ती सगळी व्यवस्था टेबलावर मेल्यासारखी पडून होती. वाईट काही झालं नव्हतं तिला. फक्त पुणं आणि चिखलं यांच्यामधला दोरा तुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा उतरल्यावर मी काय केलं? जुनी वीस मीटरची तार घेतली, मधोमध केबल जोडली, एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं उभ्या राहिलेल्या माडाला बांधलं. स्कूटरची बॅटरी आणि बिटएक्स सेट. हा सेट हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेला. बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून कोणालाही जोडता यावा असा. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पाचसात वॅट शक्ती, म्हणजे एका लहान दिव्याएवढी. सात मेगाहर्ट्झवर सकाळची मंडळी होतीच. नाशिकच्या एका हॅमने मला धरलं. आम्ही ठीक आहोत, रस्त्यावर झाडं पडली आहेत, वीज नाही, एवढं सांगितलं. यात काही पराक्रम नाही. कोणाचा जीव वाचला नाही. पण आमच्या गावातून त्या सकाळी बाहेर गेलेलं पहिलं वाक्य ते असावं, असं मला वाटतं.

पुण्याहून विद्यार्थ्याचा फोन लागला तो नंतर, आणि पहिला प्रश्न होता, "सर, राउटर चालू आहे का?" मग ओशाळून म्हणाला, "तुम्ही बरे आहात ना?"

नोव्हेंबरातल्या बैठकीत चौघांपैकी एकाने जे सांगितलं त्याने मला हे सगळं आठवलं. तो म्हणाला, "सर, आपत्तीच्या वेळी अशी केंद्रंच कामाला येणार आहेत. सरकारला आम्ही तसा प्रस्तावही देऊ." मी त्याला विचारलं, आपत्तीत पहिलं काय जातं? तो गप्प बसला. वीज जाते आणि इंटरनेट जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईसारख्या मुंबईत फोन मुके झाले होते. ज्या केंद्राचा लगामच इंटरनेटच्या हातात आहे, ते आपत्तीत सगळ्यात आधी मरणार. आपत्तीसाठी रिमोट केंद्र म्हणजे विहीर आटली की उपयोगी पडेल म्हणून विहिरीतच ठेवलेला घडा.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र होती, लोक विसर्जन करून झोपले होते. तेव्हा हॅम मंडळी सेट आणि बॅटऱ्या घेऊन तिकडे गेली. गेली, म्हणजे पायाने गेली. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानातून जगाशी हौशी रेडिओवर बोलायची परवानगी कित्येक वर्षांनी मिळाली होती, म्हणून मोहीम घेऊन गेले होते. २६ तारखेच्या सकाळी जमीन हादरली आणि तीच हौशी मोहीम बेटांचा मुख्य भूमीशी दुवा झाली. कोणत्या तारखेला काय घडेल हे त्यांना माहीत नव्हतं. त्या तिथे होत्या, एवढंच. त्याऐवजी हॉटेलच्या गच्चीवर एक बंद पेटी असती आणि भारतीताई दिल्लीत बसून ती चालवत असत्या तर?

आणि लांब कशाला जा. आमच्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले. धुंदलवाडी, हळदपाडा या भागात तर रोजचंच झालं. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले, मोठा ४.१ चा. घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक चिमुरडी गेली. लोक थंडीत अंगणात झोपायचे, तंबू आले, शास्त्रज्ञांनी भूकंपमापक बसवले. आमच्याकडे समुद्राकाठी धक्के हलके, पण भांडी वाजायची. त्या दिवसांत मी सेट रोज रात्री तपासून, बॅटरी भरून उशाशी ठेवायचो. मोबाईल चालू राहिले, माझी गरज पडली नाही, देवाची कृपा. पण एक गोष्ट त्या दिवसांनी दाखवली. शेजारपाजारचे लोक रात्री येऊन विचारायचे, "मास्तर, मशीन चालू आहे ना?" मशीन कसलं, किती वॅटचं, त्यांना कर्तव्य नव्हतं. मास्तर जागा आहे ना, हा त्या प्रश्नाचा अर्थ होता. आपल्या नियमांतही आहे की नेहमीची साधनं बंद पडली तर भूकंप, पूर, वादळ अशा आपत्तीत सक्षम सरकारी अधिकाऱ्यांचे निरोप हॅमला पोचवता येतात. आता तहसीलदार चिठ्ठी घेऊन कोणाच्या दारात येणार? कपाटाच्या?

विद्यार्थी हुशार आहे, माझाच आहे. त्याने उलट प्रश्न केले आणि ते कच्चे नव्हते. म्हणाला, "सर, मग उपग्रहाचं काय? २००५ साली आपल्या इस्रोने हॅमसाठी हॅमसॅट सोडला, तुम्हीच आम्हाला पेढे वाटले होते. तो तर आकाशात, तिथे कोणता माणूस होता?" बरोबर आहे. हॅमसॅट जुलै २०१४ पर्यंत चालला आणि त्याच्या बॅटऱ्या थकल्यावर थांबला; तेव्हा मी हळहळलो होतो. डोंगरमाथ्यावरचा रिपीटरही माणसाविना चालतो. पण उपग्रह काय किंवा रिपीटर काय, तो माझी लहर घेऊन पुढे देतो. माझ्या टोकाला माझा सेट, माझी तार, माझी बॅटरी असतेच. रिमोटमध्ये माझ्या टोकाला रेडिओ नसतोच, असतो तो फोन. हा फरक त्याने मान्य केला नाही, मी सोडला नाही.

मग त्याने हुकमाचं पान टाकलं. "उषा मेहतांकडे रिमोट असता तर त्यांचा तुरुंगवास चुकला असता." काँग्रेस रेडिओची गोष्ट मी वर्गात दर ऑगस्टमध्ये सांगायचो, तिचा हा असा वापर! १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत विशी-बाविशीतल्या मुलामुलींनी तो सुरू केला. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी परवाने रद्द केले होते, तरी ट्रान्समीटर उभा राहिला. तंत्राची बाजू नरिमन प्रिंटर या जुन्या हॅमकडे होती. पोलिसांना चुकवत केंद्र या घरातून त्या घरात हलायचं. १२ नोव्हेंबरला पकडले गेले ते शेवटी त्या प्रिंटरनेच जागा दाखवली म्हणून. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी केंद्रावरच होते. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. मी त्याला म्हटलं, अरे, रिमोट असता तर त्या सुटल्या असत्या खऱ्या, पण त्या खोलीत यंत्राजवळ कोणीतरी पोरगा ठेवावाच लागला असता आणि पोलिसांनी त्याला नेलं असतं. त्याचं नाव तुला आज माहीत नसतं.

यावर तो हसला. "सर, तुम्ही प्रत्येक वेळी त्या पोराकडे जाता."

जातो खरा.

मी जुना माणूस आहे आणि प्रत्येक पिढीतल्या जुन्या माणसाने छंद बुडाला म्हणून गळा काढलेला आहे, हेही मला ठाऊक आहे. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले तेव्हा आमच्या पारशी गुरूंनी काढला होता. २००३ च्या जागतिक परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली तेव्हा मी काढला होता, आणि चुकलो होतो; त्यानंतर आलेली कित्येक चांगली मंडळी मोर्सशिवाय आली. म्हणून रिमोटवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. माझा एक मित्र, माझ्याच वयाचा, पक्षाघाताने तीन वर्षं अंथरुणावर आहे. ठाण्यात सहाव्या मजल्यावर. त्याला मी माझा सेट इंटरनेटवरून दिला आहे आणि तो जिवंत असेपर्यंत तो त्याचा आहे. रात्री तो दहा मिनिटं ऐकतो. बोलणं फारसं जमत नाही. त्याच्यासाठी मी रात्री दीडला केबल काढायला उठतो आणि कुरकुरत नाही. तोही कोणाला सांगत नाही की इथे कोणी नसतं. उलट भेटेल त्याला सांगतो, चिखल्याचा मास्तर माझी वायर धरून बसलाय.

पण परदेशात आता भाड्याची केंद्रं निघाली आहेत. पैसे भरा, मोठमोठे टॉवर वापरा, शंभर देश खिशात घाला. आपल्याकडचे काही जण त्याच्या गोष्टी डोळे मोठे करून सांगतात. ज्याने कधी तारेला डाग दिला नाही, अँटेना का जुळत नाही म्हणून डोकं खाजवलं नाही, त्याच्या भिंतीवर शंभर देशांचं प्रमाणपत्र! त्या व्याख्येतलं स्वशिक्षण कुठे गेलं? अमेरिकेतली संस्था ही प्रमाणपत्रं देताना ट्रान्समीटर जिथे असेल ती जागा धरते, बोलणाऱ्याची खुर्ची नव्हे. म्हणजे हिशोबात चिखलं येतं. चिखल्यातला माणूस तेवढा येत नाही.

चौघांना मी आणखी एक साधा प्रश्न विचारला होता. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. तुमच्यापैकी कोणाच्या परवान्यावर चिखलं आहे? "ते बघू, सर." हे 'बघू' मला नको आहे. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला. त्याच्या पोटातले नियम घडवताना हौशी केंद्र दुरून चालवण्याबद्दल सरळ लिहावं: चालवा, पण यंत्राजवळ राहणारा एक परवानाधारक माणूस दाखवा, त्याचं नाव दारावर लावा आणि दोरा तुटला तर ते केंद्र चालवायचा अधिकार आणि किल्ली त्याच्याकडे असू द्या.

डिसेंबरात मी चौघांना पत्र लिहिलं. कागदावर, पोस्टाने. टॉवर उभारा, जागा देतो, भाडं नको. पण त्याआधी गावातली नि पाड्यावरची दोन पोरं परीक्षेला बसली पाहिजेत. बाराव्या वर्षापासून बसता येतं. त्यांना शिकवायला तुम्ही यायचं, रविवारी, पाळीपाळीने. ती पास झाली की कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, माझ्याकडे नाही, कारण मी काही कायमचा नाही.

दोघांनी उत्तर दिलं नाही. एकाने कळवलं की कल्पना उत्तम आहे पण व्यवहारात बसत नाही. त्यांना आता दमणच्या बाजूला एक रिसॉर्टवाला जागा देतो आहे. चौथा, माझा विद्यार्थी, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सोल्डरिंग गन आणि मिसळीचे पाव घेऊन दारात उभा राहिला.

तेव्हापासून महिन्यातून दोनदा येतो. दहावी झालेल्या दोन मुली आणि सातवीतला एक मुलगा ओट्यावर बसतात. मुलींपैकी एकीचा बाप किनाऱ्यावरचा एक बंगला सांभाळतो. पुस्तक इंग्रजीत आहे, त्याचं मराठी मी वहीत करून देतो, माझ्या बी. ए.चा एवढा तरी उपयोग. टॉवरचे दोन तुकडे आले आहेत, ते पडवीत गोणपाटाखाली आहेत. परवा त्या सातवीतल्या मुलाने विचारलं, तार मधोमधच का कापायची, टोकाला का नाही? मला उत्तर येतं. पण मी त्याला सांगितलं, ज्याने पुण्याहून यायचं आहे त्याला विचार, रविवारी.